अष्टमीचा रविवार

डोंगर ओलांडायला आम्हांला चार-पाच तास लागले असते. तो कधी ओलांडायचा हे ठरवण्यात माझ्या मित्राची अख्खी रजा गेली.

रोह्याच्या शाळेत एका वर्गात असलेले आम्ही नऊ जण, आता सगळे साठीच्या आसपासचे. त्यातला हा मित्र तीस वर्षं आखातात, एका कंपनीच्या गोदामावर. या हिवाळ्यात तीन आठवडे आला तो एकच गोष्ट मनात धरून. रोह्याहून डोंगर चढायचा आणि पलीकडे समुद्रावर उतरायचं. पलीकडे त्याच्या आईचं माहेर. म्हातारपणी ती भावाकडे राहायला गेली आणि तिथेच वारली. तेव्हा त्याला रजा मिळाली नव्हती. कबर त्याने अजून पाहिली नव्हती.

"गाडीने दीड तासात जाशील की," मी म्हटलं.

"गाडीनं काय, कधी पन जाईन. अम्मी आमाला वरनंच न्यायची रे, चालत. एकदा तसा जायचा हाय." मग त्याने चप्पल काढून डावा पाय पुढे केला. मधुमेहात एक बोट गेलं होतं. "पुढच्या रजेला चालता येल का, डॉक्टर पन सांगत नाय. घरचे एकट्याला सोडत नाय. तुमी चला."

मी ही गोष्ट बाकीच्यांना सांगितली. सांगायला नको होती.

आमच्यातल्या एकाचा पेणला गणपतींचा कारखाना आहे. शाळेत तो वर्गप्रमुख होता आणि ते पद त्याने मनातून कधी सोडलं नाही. दोन दिवसांत त्याने समिती नेमली, स्वतः अध्यक्ष झाला, आणि चालण्याचं पदभ्रमण झालं. नऊ माणसांना ध्वज आला, उद्घाटक आला. उद्घाटकांना चढ झेपणारा नव्हता, म्हणून पायथ्याशी मंडप. फलकावर भला मोठा पूर्ण चंद्र छापला, कारण रात्री किनाऱ्यावर चांदण्यात कविसंमेलन होतं. एक स्मरणिकाही निघणार होती. तिचं प्रास्ताविक माझ्याकडे आलं. या सगळ्याची मी घरी यथेच्छ टिंगल केली आणि प्रास्ताविक तीनदा लिहून काढलं.

मित्राने फलकाचा फोटो पाहिला आणि अध्यक्षांना फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो.

"पौर्णिमेला नाय जमनार रे. उतरल्यावर गावाच्या अलीकडं खाडी हाय, पायी उतरायची. तिथीची पाऊनपट कर, ती भरतीची वेळ. पंधराची सव्वाअकरा. आपन दुपारी पोचनार तवा भरती. डोक्यावरनं पानी. अष्टमीला चल, भरती सकाळी सहाला, दुपारी ओहोटी. गुडघाभर पन नसंल."

"अष्टमीला चंद्र अर्धा असतो," अध्यक्ष म्हणाले.

"चंद्रावर चालायचा हाय काय?"

"अरे, फलक छापून झालाय. होडी बघू ना एखादी. तू कशाला टेन्शन घेतोस?"

अष्टमी त्या रविवारी होती, पौर्णिमा पुढच्या रविवारी. मधल्या गुरुवारी त्याचं विमान. मी ते फोन हातात घेऊन सांगितलं. अध्यक्षांना खरंच वाईट वाटलं. "अरेरे," ते म्हणाले, "मग त्याला आपण किनाऱ्यावरून व्हिडिओ कॉल करू."

फोन ठेवल्यावर मित्र माझ्याकडे वळला. "आपन दोघंच जाऊ या का?"

माझे गुडघे शाबूत आहेत. त्या रविवारी मला काही काम नव्हतं. मी म्हणालो, "सगळ्यांना सोडून गेलो तर बरं दिसणार नाही. मी बोलतो त्यांच्याशी."

खरं कारण वेगळं होतं. ते प्रास्ताविक पायथ्याशी, मंडपात, माइकवर मीच वाचणार होतो.

मी बोललो, आणि अध्यक्षांनी बैठक बोलावली, त्याच रविवारी. मित्र रोह्याहून सकाळच्या गाडीने आला, त्याला अजून आशा होती. कारखान्याच्या माळ्यावर रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा लावलेल्या होत्या, त्यांच्यामध्ये खुर्च्या. मूर्तींना अजून डोळे काढले नव्हते. बैठकीत सर्वांत लक्ष देऊन ऐकणाऱ्या त्याच वाटत होत्या. तारखेचा विषय शेवटी ठेवला होता. आधी टी-शर्टचा रंग. भगवा की निळा यावर दीड तास चर्चा झाली. उद्घाटकांचा फोटो छातीवर की पाठीवर, यावर मत घ्यायचं ठरलं. मीही हात वर केला. पाठीवर.

साडेबाराला मित्राने घड्याळ पाहिलं. "आता खाडी रिकामी झाली असंल," तो मला हळूच म्हणाला. मग उठला.

"अरे, तारखेचं राहिलंय," अध्यक्ष म्हणाले.

"चालू द्या तुमचा. मी जातो, गाडी हाय."

तेव्हा गाडी नव्हती. मी त्याच्यामागे खाली गेलो नाही. वडे आले होते.

गुरुवारी विमानतळावरून त्याचा फोन आला.

"मंगळवारी जाऊन आलो. मेहुन्याच्या गाडीनं."

"कबर?"

"हाय. नीट बांधलीय मामूनं. फातिहा पढलो. गाडी पार भिंतीपर्यंत जाते आता."

"चालायला त्रास झाला नाही ना?"

"चाललो कुठं?" तो म्हणाला.

मी म्हणालो, पुढच्या रजेला आपण दोघंच, नक्की. पलीकडे कुठल्याशा विमानाची घोषणा चालू होती. ती त्याने संपू दिली. मग म्हणाला, "तू सांभाळ स्वतःला. पाय बघत जा, साखर तुला पन हाय," आणि फोन बंद केला.