शेंदूर लावलेला बुडबुडा

इकडे गावाले ये पोरी, माझ्या निरोपाले मोबाइलवर नुसते अंगठे काय पाठवून राहिली? शेंदराचा वास आला की मला आमची विहीर आठवते. संत्र्याची कलमं वाळत होती, म्हणून खोदायला घेतली, तर काळा दगड फुटला अन् पोटात पांढरे स्फटिक चमकले. सासूबाईंनी लगेच शेंदूर लावला, “देव निघाला, खोदणं बंद!” पाणी पाहायला बोलावलेल्या भूगर्भवाल्या बाई सासूबाईंना म्हणाल्या, “आजी, इथं कधीकाळी लाव्हा वाहिला, त्यातला हा बुडबुडा. खाली लाल मातीच्या थरावर पाणी लागेल.” “आगीतला बुडबुडा इतका देखणा काहून मंग?” सासूबाईंनी विचारलं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “देवाले काठावर बसवा, मंग खोदा.” लाल माती दिसली अन् पाणी लागलं. आजही तिथं दिवा लावताना मी गोंधळते, हात नेमके कुणाला जोडू? तू दगडांचंच शिकतेस ना? लवकर ये, पाहून सांग मले.