अस्सल घरघर

बुधवार पेठेत एका जिन्याखाली त्यांचं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. मी पंधरा वर्षं जातोय, पण नाव विचारायची वेळ कधी आली नाही. गिऱ्हाईक बिघाड सांगायला लागलं की ते बोट वर करतात. "तुम्ही नका बोलू, त्याला बोलू द्या." आणि मशीनला कान लावतात.

सगळं संगीत यंत्रांवर वाजवणाऱ्या एका परदेशी बँडवर त्यांचा फार जीव. ओळख झाली ती चुकीनं. कुणीतरी टेपरेकॉर्डर घरघरतोय म्हणून आणून दिला. यांनी तो तीनदा उघडला, तेव्हा कुठे कळलं की घरघर कॅसेटमधल्या गाण्यातच आहे. तेव्हापासून त्या बँडचं प्रत्येक नवं काम ते तपासून घेतात. "पुढे यंत्रं सुधारली आणि घरघर गेली. सीडीच्या काळात तर दवाखान्यासारखं स्वच्छ वाजवायचे. फिनेलचा वास यायचा हो!"

परवा मी त्यांना बँडची नवी गाणी मोबाइलवर ऐकवली. घरघर परत आली होती. त्यांनी टेबलफॅन बंद केला, दारातल्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं आणि डोळे मिटले.

"खोटी आहे," ते म्हणाले. "जुन्या कॅसेटमधली ऐकून कुठला कंडेन्सर गेलाय ते सांगतो मी. ही मुद्दाम घातलीय."

मग घरघरतोय म्हणून मी दुरुस्तीला आणलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर त्यांनी टिचकी मारली.

"तुमची मात्र अस्सल आहे. काढायची का?"

मी तो तसाच उचलून घरी आणला.