वाढत्या अंगाचं युकुलेले

दर एकादशीला भजनाआधी आम्ही बायका वाती वळत बसतो. वातींचा डबा भरतो न भरतो, तोवर किस्स्यांचा ओसंडून वाहतो! त्यातलेच हे काही, आमच्या जवळा बाजारच्या भजनी मंडळातले.

झालं असं, की कमलकाकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. जन्मभर मांडी घालून पेटी वाजवलेल्या काकूंच्या नशिबी आता खुर्ची. पेटी टेबलावर ठेवून पाहिली, तर भाता ओढताना खांदा भरून यायचा. काकू भजनाला यायच्याच थांबल्या. आमचे सूर म्हणजे दावं सुटलेली वासरं! मी औंढ्याच्या नागनाथाला बोलून बसले, 'काकूंची पेटी पुन्हा वाजेपर्यंत गोड खाणार नाही.'

*

तोडगा काढला काकूंच्या सुनेनं, पूजानं. ती शाळेत शिकवते, आणि कॉलेजात युकुलेले वाजवायची. गिटारीचं धाकटं भावंड, चार तारांचं, खुर्चीत बसून छातीशी धरायचं.

"आई, तुमच्यासाठी युकुलेले आणू या का?"

आमची मंगल, गल्लीची टेलर, वात वळता वळता थांबली.

"उकळलेलं? काय उकळलेलं? उपासाला चालतं का?"

*

पूजा शाळेतून यायच्या आत आम्ही मोबाइल उघडला. त्यात साइज विचारलेले: सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर.

"मला सोप्रानोच मागवा," काकू म्हणाल्या. "सोपं असंल ते!"

ते आलं. काकूंची बोटं भाकरी थापणारी, चांगली जाडजूड. एक तार दाबायला जावं, तर तीन दबायच्या. पूजा हळूच म्हणाली, "आई, हा सगळ्यात लहान साइज असतो."

"मंग काहून असं फसवं नाव ठेवतेत गं?"

*

ते परत केलं. आता सूत्रं मंगलच्या हातात. लेकराचा ड्रेस शिवताना आत दोन बोटं कापड दाबून ठेवणारी ती!

"मोठंच मागवा. वाढत्या अंगाचं घ्यावं."

"अगं, सत्तरी आली माझी. आता कुठं वाढू?"

"तुमी न्हाई, पण तुमचं वाजवणं वाढंल की!"

टेनर आलं. काकूंचा हात काही त्याच्या शेवटच्या खुंटीकडं नीट पोचेना, आणि साडीवरून ते घसरायचं ते वेगळंच. दोन अभंगांत खांदा पुन्हा भरून आला. काकूंनी ते बाजूला ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या. देवाच्या मनात न्हाई."

मी मनात म्हटलं, देवाला अजून कुणी विचारलंय कुठं? त्या दिवशीचा राजगिऱ्याचा शिराही मी तसाच पुढं सरकवला.

*

शेवटी पूजा आम्हा तिघींना घेऊन नांदेडला दुकानात गेली. "बराबर हाय, ब्लाउजलासुद्धा ट्रायल लागते," मंगलला एकदम पटलं.

दुकानदारानं काकूंचा हात पाहिला, बोटं पाहिली आणि विचारलं, "मावशी, कॉन्सर्ट बघता का?"

काकू गडबडल्या. "न्हाई हो दादा! कार्यक्रम न्हाई करायचा. आमी घरच्या घरीच म्हणतो!"

पूजानं हसू दाबत मधला साइज त्यांच्या हातात ठेवला. बोटं तारांवर बसली, कोपर आरामात टेकलं. काकूंनी एक तार छेडली. मग दुसरी. मग म्हणाल्या, "पूजा, पिशवी आणली का गं?"

*

परवाच्या एकादशीला काकू आल्या. आम्ही खाली, त्या खुर्चीत. मधूनच डावा हात सवयीनं भाता ओढायला जायचा अन् सूर अडखळायचा, पण भजन काही थांबलं नाही.

मग प्रसादाचे पेढे आले. मी हात मागे घेतला.

"काहून गं?" काकूंनी विचारलं.

नवस सांगावाच लागला. "अन् मी 'पेटी' म्हणाले होते, काकू. देवाशी शब्द कसा फिरवू?"

"वकील लावा आता!" मंगल म्हणाली.

काकूंनी मांडीवरचं युकुलेले पालथं केलं. पाठीवर बोटानं टकटक केली.

"हे काय हाय?"

"लाकूड."

"अन् आत?"

"पोकळ."

"मंग पेटीच की! आ कर."