‘म’च्या डोक्यावरची फट

“ही फट बुजवा,” हॉस्पिटलचे आर्किटेक्ट भल्लासाहेब म्हणाले. “ओळ तुटल्यासारखी दिसते.”

फट गुरुमुखी ‘म’च्या डोक्यावर होती. पंजाबातल्या दहशतवादाच्या त्या वर्षांत मी चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात, बोर्ड बनवणाऱ्या एका कंपनीत अक्षरं डिझाइन करायचे. नवऱ्याचं पोस्टिंग जवळच्या चंडीमंदिर लष्करी छावणीत होतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या बोर्डांसाठी आम्ही इंग्रजी, हिंदी आणि पंजाबीत एकाच घाटाचा सॅन्स सेरिफ टाइप, म्हणजे अक्षरसंच, तयार करत होतो. सॅन्स सेरिफ म्हणजे टोकांना शेपट्या नसलेलं, साधं अक्षर. आमच्या टाइपमध्ये रेघही सगळीकडे सारख्याच जाडीची होती.

गुरुमुखीत ‘म’ आणि ‘स’ जवळजवळ सारखे. ‘स’ची शिरोरेघ सलग, ‘म’ची मध्ये तुटलेली. एवढाच फरक. रेघ जाड केली की फट मिटते आणि इमर्जन्सीतला ‘म’ लांबून ‘स’ वाटतो. म्हणून मी ती मुद्दाम रुंद ठेवली होती.

“मॅडम, बिल्डिंग की शोभा भी देखनी है.”

वाद तसाच राहिला.

त्याच आठवड्यात हरजीत कामावर आली नाही. माझी ड्रॉइंग्ज ती शाईने पक्की करायची. गावाकडून येणाऱ्या बसवर गोळीबार झाला होता. बसमध्ये तिचे आईवडील होते. जखमी वडिलांना ट्रकमधून त्याच हॉस्पिटलात आणलं. आई मदत मागायला पुढे धावली. तिला फक्त गुरुमुखी वाचता यायची. इमर्जन्सीच्या जुन्या बोर्डवर पेंटरने ‘म’ची फट रंगात बुजवून टाकली होती. लांबून तिला शब्द लागलाच नाही. ती भलत्याच कॉरिडॉरमध्ये गेली.

वडील गेले. डॉक्टर म्हणाले, तेवढ्या वेळाने फरक पडला नसता. हरजीतला ते पटलं. आईला पटलं नाही.

वडिलांचा भोग, म्हणजे गुरुग्रंथ साहिबच्या पाठाची सांगता झाल्यावर हरजीत परत आली. टेबलावरचं ड्रॉइंग पाहून म्हणाली, “दीदी, अभी तय नहीं हुआ?”

“नाही गं.”

“एक बंद फटीचा, एक रुंद फटीचा, दोन्ही बोर्ड बनवू या.”

मीटिंगच्या दिवशी आम्ही दोन्ही बोर्ड कॉरिडॉरच्या टोकाला टांगले, एकामागून एक. हॉस्पिटलच्या सुपरिंटेंडंटनी बाकावर बसलेल्या एका सरदारजींना वाचायला सांगितलं. बंद फटीच्या बोर्डपाशी ते अडखळले. “ऐ... सर...” ‘म’चा ‘स’ झाला होता. दुसरा लावताच ते म्हणाले, “एमरजेंसी.”

“कमी शिकलेला माणूस आहे,” भल्ला म्हणाले.

“जी,” हरजीत म्हणाली, “बोर्ड उन्हीं के लिए है.”

आवाज चढला नव्हता. वडिलांचं तिने काही सांगितलं नाही. मीही नाही. सुपरिंटेंडंटनी रुंद फटीच्या ड्रॉइंगवर सही केली.

बोर्ड लागले. हरजीतची आई मात्र त्या हॉस्पिटलात पुन्हा कधी गेली नाही. आमच्या धंद्यात असंच असतं. दुरुस्ती पुढच्या माणसाच्या उपयोगी पडते.