महिना आधी

हैदराबादेत आज कोणती तारीख आहे याबद्दल सरकारला कधी शंका आली, तर सरकारनं चिक्कडपल्लीला आमच्या घरमालकांकडे, म्हणजे काकांकडे, शिपाई पाठवावा, असं माझं स्पष्ट मत होतं. माणूस महसूल खात्याच्या रेकॉर्डरूममधून रिटायर झालेला. तीस-बत्तीस वर्षं मिसलींच्या, म्हणजे फायलींच्या, ढिगात बसून त्यांनी एकच गोष्ट जीव लावून सांभाळली, ती म्हणजे तारीख. घरातल्या प्रत्येक वस्तूवर ती पेन्सिलीनं घातलेली असे. साबणाच्या वेष्टनावर, केरसुणीच्या मुठीवर, लोणच्याच्या बरणीवर. ओसरीत बल्ब बदलला की त्याच्याखाली भिंतीवर. काकू म्हणायच्या, "घरात येईल त्याला तारीख घालतात. मीच तेवढी सुटले." मी भाड्यानं राहायला आलो त्या दिवशी माझ्या दाराच्या आतल्या बाजूलाही त्यांनी लिहून ठेवलं : 'ग्रॅज्युएट आले.' आणि पुढे तारीख.

ग्रॅज्युएट म्हणजे मी. आमच्या सात पिढ्यांनी शेती केली. कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. बी.कॉम.वर सहा महिन्यांचा कंप्युटरचा कोर्स केला होता आणि नामपल्लीच्या एका क्लासात शिकवत होतो. शहरात तेव्हा गल्लोगल्ली कंप्युटरचे क्लास निघत होते. काका दुधवाल्यालाही 'तुम्ही' म्हणणारे, जुन्या रीतीचे. रोज सकाळी मी निघालो की ओसरीतून आवाज यायचा, "क्या ग्रॅज्युएट, चाललात दुनिया बदलायला? डबा घेतला का?"

आमच्या गल्लीत एक मराठी वाचनालय होतं. एक खोली, सहा कपाटं, नव्वदेक सभासद. त्याचे चिटणीस काका. किल्ल्यांचा जुडगा जानव्याला अडकवून फिरत. एका सभासदाच्या मुलानं ऑफिसातून निघालेला जुना कंप्युटर वाचनालयाला दिला, आणि पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला. पुस्तक राहून गेलं तर सभासदाला आठवणीचं कार्डसुद्धा छापून निघायचं. मला वाटलं होतं काका घाबरतील. ते उलट खूश झाले, कारण मशीन सुरू करताच ते सगळ्यात आधी काय विचारायचं? आजची तारीख! "शिकलेल्या घरचं दिसतंय," काका म्हणाले. मशीन एक मेला सुरू झालं. तेव्हापासून रोज सकाळी स्नान-पूजा आटोपून, चपला बाहेर काढून, ते मशीनला तारीख सांगू लागले. त्या कामाला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत.

भानगड सुरू झाली दुसऱ्याच दिवशी. दोन तारखेला काका माझ्या दारात. "ग्रॅज्युएट, काल मी ह्याला एक मे सांगितली. आज म्हणतंय एक जून. रातोरात महिना खाल्ला!" मी हसून म्हटलं, बॅटरी गेली असेल. मशीनच्या आत तारीख सांभाळणारी छोटी बॅटरी असते. तीन तारखेला संध्याकाळी ती बदलली. चार मे सांगितलेल्या मशीननं पाचला सकाळी चार जून दाखवली. मग मी व्हायरस काढणारी फ्लॉपी आणली. व्हायरस निघाला नाही आणि जूनही हटेना. रोज सकाळी तेच : दिवस कालचा, महिना पुढचा. शेवटी मी हात टेकले आणि एके दिवशी, जरा तोऱ्यातच, बोलून गेलो, "काका, मशीन चुकत नाही हो. सांगणाऱ्याचं काही चुकत असेल."

दुसऱ्या दिवसापासून मला दिसायला लागलं, की काका दुधवाल्याला तारीख विचारतात. पेपर आला की आधी वरचा कोपरा बघतात. एकदा हिशेब करताना पंजा उघडला, तर तळहातावर पेनानं तारीख लिहिलेली. भिंतीवर चार कॅलेंडरं असणारा माणूस तळहातावर तारीख लिहितो, हे बघून मी मान फिरवली.

बारा तारखेला छापलेल्या कार्डांनी गोष्ट चव्हाट्यावर आणली. शाळेतल्या एका बाईंनी एक मेला पुस्तक नेलं होतं. त्यांना कार्ड गेलं : 'आपण पुस्तक नेऊन अकरा महिने झाले.' बाई कार्ड नाचवत आल्या. "अकरा दिवस झाले असतील जेमतेम! काय ओ काका, झोपेत होता का?" तेरापासून तर मशीननं काकांची तारीख घेणंच सोडलं. काहीही सांगा, चूक म्हणायचं आणि आपलंच चालवायचं.

वीस तारखेला कमिटी बसली. अध्यक्ष वकील होते, बोलायला गोड. "काकासाहेब, तुम्ही खूप केलंत. आता वय झालं, विसर पडतो, कुणालाही पडतो. एक तारखेला किल्ल्या द्या, आराम करा." काका ताठ उभे राहिले. "मला विसर पडत नाही. मशीनच आज तेरावा महिना दाखवतंय. अधिक महिना धरत असेल तर धरो, पण तेरावा आहे." सगळे हसले. मीही हसलो. काकांनी फक्त माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसले. त्यांचा हात जानव्याच्या किल्ल्यांवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लास बुडवला आणि त्यांच्याबरोबर चपला काढून मशीनसमोर बसलो. पहिल्यांदाच. पडद्यावर आलं : बारा-चौदा. "पाहा," काका हलक्या आवाजात म्हणाले, "बारा तारीख, चौदावा महिना. दिसतंय ना तुम्हालाही? का मलाच?"

मला दिसलं आणि कानशिलं तापली. मशीन परदेशी रीतीचं. आधी महिना, मग दिवस. काकांची एक-पाच म्हणजे त्याच्या लेखी पाच जानेवारी, दोन-पाच म्हणजे पाच फेब्रुवारी. काका रोज दिवस बदलत होते, ते रोज महिना बदलत होतं. बारा दिवसांत त्याचं वर्ष सरलं. तेरावर पाय अडखळला, तेव्हा ते आपलं आपण डिसेंबर मोजत बसलं. आज त्याची चौदा डिसेंबर होती. मी क्लासात रोज महिना आधी टाइप करायचो. हे कुणाला सांगावं लागतं, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी समजावून सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे माझी तारीख बरोबर होती?"

"रोज बरोबर होती, काका."

"एकही चुकली नाही?"

"एकही नाही."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, मग डोळे. आणि एकदम उसळले, "कायकू पण? आधी महिना, मग दिवस, मग वर्ष? घरात शिरताना आधी ओसरी, मग माजघर, मग गाव? ह्यांना कुणी विचारणारं नाही का?" संध्याकाळी मी वकिलांच्या घरी जाऊन चूक माझी होती म्हणून सांगितलं. किल्ल्या जानव्यालाच राहिल्या.

पुढे मी घर बांधलं, लांब गेलो. काकांचं वय झालं आणि विसर खरोखरच पडू लागला. मी भेटायला गेलो की विचारायचे, "ग्रॅज्युएट, आज तारीख काय?" मी सांगायचो. त्यांच्या मनातल्या तारखेशी ती जुळायची नाही. चेहरा बावरायचा. मग ते जवळ वाकून हळूच विचारायचे, "तुम्ही महिना आधी धरलात का?"

"हौ, काका. महिना आधी."

"मग ठीक," म्हणून ते आरामखुर्चीत मागे रेलायचे.

शेवटच्या भेटीत ओसरीतला बल्ब बदलला होता. त्यांनी पेन्सिल माझ्याकडे दिली. बल्बखाली, जुन्या तारखांच्या रांगेत, मी त्या दिवसाची तारीख लिहिली. महिना आधी लिहिला.