एकवीस दिवसांची पट्टी

फोन आला तेव्हा मी अकोल्यात शाळेच्या मैदानावर होते. आठवीच्या मुली पेनल्टी मारत होत्या आणि मी गोलपोस्टला टेकून, डावा गुडघा नेहमीसारखा जरा वाकवून उभी होते. अमरावतीच्या दवाखान्यातून देविदासकाकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, बोलत होता. "शीतलताई, बाबा गेले." शिट्टी माझ्या ओठात होती... मुली खोळंबल्या होत्या, म्हणून मी ती वाजवली. खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं. आता सांगायचं राहूनच गेलं, एवढंच आलं. त्याला पाच आठवडे झाले.

देविदासकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वरूडला संत्र्याची कलमं बांधणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. जंभेरीच्या, म्हणजे जंगली लिंबाच्या, रोपाला चाकूनं चीर द्यायची, तिच्यात संत्र्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, बसवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची आणि एकवीस दिवस तिला हात लावायचा नाही. मी लहानपणी पट्टी सोडून पाहायला जायची तेव्हा ते हातावर चापट मारायचे. "झाकून ठेवलं तं जुळते, उघडून पाह्यलं का वाळते." याच हाताचा गुण म्हणून मुरगळलेले पाय घेऊन माणसं त्यांच्याकडे येत. तिथंही तोच कायदा. तेल चोळून बांधायचं आणि एकवीस दिवस सोडायचं नाही. पाय काय आणि रोप काय, काकांच्या लेखी दोन्ही एकच.

मला फुटबॉलला त्यांनीच घातलं. घरात कुणाचं मत नव्हतं. पोरीनं अर्धी चड्डी घालून पळावं हे वडिलांच्या गळी उतरवायला काकांना दोन वर्षं लागली. त्यांना स्वतःला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइडला ते शेवटपर्यंत "ते झेंड्याचं लफडं" म्हणत राहिले. पण सामना मोर्शीला असो की अमरावतीला, मातीचे हात घेऊन हा माणूस रेषेबाहेर उकिडवा बसलेला असायचाच. भारताच्या संघाच्या शिबिरासाठी माझं नाव आलं तेव्हा ते पेढे घेऊन सगळ्या नर्सऱ्या फिरले. आशियातल्या देशांची मोठी स्पर्धा होती. शिबिर महिन्यावर आलं होतं.

आणि त्याच आठवड्यात अमरावतीला सरावाच्या सामन्यात मी वळले आणि गुडघ्यात कट् असा आवाज झाला. वाळकी काडी मोडावी तसा. कुणी ढकललं नाही, कुणी पाडलं नाही. संध्याकाळपर्यंत गुडघा फुगला. मैदानावरच्या सरांना मी म्हटलं, लचकलाय. डॉक्टरकडे गेले असते तर कागद झाला असता, आणि तो कागद शिबिराला कळवावा लागला असता. मी वरूडची गाडी पकडली आणि काकांसमोर पाय पसरून बसले.

त्यांनी लगेच बांधलं नाही, हे मला लिहायलाच हवं. गुडघ्यावर तळवा ठेवून त्यांनी तो चारी बाजूंनी चाचपला. मग विचारलं, "कटकन आवाज आला होता का? खरं सांग, माय. आवाज आला असंन तं हे माह्या हातचं नाही. मंग उद्या अमरावतीले जाऊ, फोटो काढू."

मी म्हटलं, "नाही जी काका. नुसतं लचकलं."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. तेल कोमट केलं, चोळलं, कलम बांधतात तशी खालून वर पट्टी गुंडाळली. एकवीस दिवस मी पट्टी सोडली नाही. सूज उतरली. मी त्या पायावर पळाले, वेदना गिळल्या आणि बाविसाव्या दिवशी शिबिराला निघाले. पहिल्याच सकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला आडवं करून पाय पुढं ओढला आणि दुसऱ्या डॉक्टरकडे पाहिलं. गुडघ्यातला हाडं सांधणारा दोर, लिगामेंट, केव्हाच तुटला होता. तशाच पायावर पळून मी हाडांमधली गादीही झिजवून घेतली होती. "हे बांधलं कुणी?" त्यांनी विचारलं. मी काकांचं नाव सांगितलं. आवाजाचं तेव्हाही सांगितलं नाही.

ती स्पर्धा मी घरी पाहिली. पुढं नागपूरला ऑपरेशन झालं, पण तो पाय परत आला नाही. मी खेळाची शिक्षिका झाले. काकांनी मात्र त्या दिवसापासून माणसाच्या अंगाला हात लावला नाही. दारात लंगडत आलेल्याला ते हात जोडून परत पाठवत. "माह्या हातानं आमच्या पोरीचा पाय गेला." मी कधीही गेले की पाणी द्यायच्या आधी विचारत, "दुखते का?" मी म्हणायची, नाही. दुखत होताच, आजही दुखतो. सांगायला किती वर्षं होती माझ्याकडे! दर दिवाळीला ठरवून जायची आणि फराळ करून परत यायची. भित्री होते, दुसरं काही नाही.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. कलमं बांधून झाल्यावर दोन दिवसांनी ते नर्सरीतच कोसळले होते. उजवा हात निकामी झाला होता. डाव्या हातानं त्यांनी माझा गुडघा चाचपला. "मले माफ कर, शीतल. तुही दुनिया मी बुडवली." शब्द अगदी ओठाशी आले होते... आणि मी म्हटलं, "केलं जी काका, माफ केलं. नोका मनाले लावून घेऊ." त्यांनी डोळे मिटले. गुन्हा माझा, आणि माफीही मीच दिली. याहून नीच काही मी केलेलं नाही.

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर काकू मला नर्सरीत घेऊन गेल्या. काकांनी शेवटची बांधलेली कलमांची ओळ तशीच होती. "आज एकवीस झाले. त्यायनं दवाखान्यात सांगितलं होतं, शीतलच्या हातानं सोडा म्हणून." मी गुडघा आखडत खाली बसले आणि एकेक पट्टी उलगडू लागले. आत डोळा हिरवागार, सालीत बेमालूम बसलेला. दुसरा, तिसरा... सगळे जुळले होते. एकही वाळला नव्हता.

काकूंनी वाकून पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं. "हात असा होता त्यायचा," त्या म्हणाल्या. "एका तुह्याच पायाले चुकला, माय."

मी मान वर केली नाही. पुढची पट्टी सोडायला घेतली.