गळ्याच्या जागची बातमी

आज दुपारी माहेरी गेले, तर आई ब्लाउजच्या मापाचा कागद कापत होती. आई शिवणकाम करते, आणि तिचे हे कागद नेहमी जुन्या वर्तमानपत्राचेच. लहानपणी खिळ्याला अडकवलेले ते कागद मी वाचत बसायचे. बातमी ऐन रंगात आली की नेमका कापलेला गळा यायचा.

"आई, पुढं काय झालं गं?"

तोंडात टाचण्या धरूनच ती म्हणायची, "मला काय माहीत? ज्यांचं झालं त्यांना जाऊन विचार."

गेलेच मग विचारायला, बातमीदार होऊन. वीस वर्षं झाली, विचारतेच आहे. आता लोक बोलू लागले की पुढचं वाक्य मला आधीच पाठ असतं.

आज आईनं कात्री बाजूला ठेवली, कागद डोळ्यांजवळ नेला. वर माझं नाव शाबूत होतं. खाली गेल्या आठवड्यातली माझी बातमी, कुणाच्या तरी ओसरीवर बसून, त्यांचा चहा पिऊन आणलेली. तिच्या मधोमध गळा.

"अगंबाई, तुझीच की ही! इथं काय लिहिलं होतंस गं?"

त्या रिकाम्या जागेतून आईची बोटं दिसत होती. मला काही केल्या आठवेना.